बाहेरची कामं: मृगाआधी कोणती घ्यायची, दिवाळीनंतर कोणती

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. पुढची सपरी (ओसरी) आणि एक खोली जुन्या मातीच्या भिंतींची, वरचे कवेलू (कौलं) काढून आता टिन टाकलेले. मागे विटांच्या तीन खोल्या, स्लॅबच्या, त्यातली एक यंदाच बांधलेली. आतलं काम एप्रिलच्या मध्याला आटोपतं. ठेकेदार म्हणतो, बाहेरची छपाई (प्लास्टर), रंग, अंगणात गट्टू (पेव्हर ब्लॉक), कंपाउंड, फाटक, सारं एका दमात मे अखेरपर्यंत करून देतो. एकत्र दिलं तर भावही कमी लावतो. जमीन काळी. द्यावं का, आणि दिलं तर कोणत्या क्रमानं?

भाऊ, सारं एका दमात देऊ नका. पाणी अडवणारी आणि पाणी घरापासून दूर नेणारी कामं आत्ता, मृगाच्या आत. रंग, गट्टू, कंपाउंड, फाटक दिवाळीनंतर. ठेकेदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. परांची एकदाच बांधावी लागते, माल एकदाच उतरतो. पण तुमचं घर एकमजली आहे. रंगारी लाकडी घोडीवर उभा राहून एकमजली भिंत रंगवतो, त्याला परांची लागतच नाही. म्हणजे वाचणारा पैसा थोडा, आणि मे महिन्यात काळ्या मातीवर घाईनं केलेलं अंगण पुढच्या वर्षी उकरावं लागलं तर जाणारा पैसा मोठा.

आधी दिवस मोजा. मृग ७-८ जूनला लागतो. पाऊस आपल्याकडे बहुधा जूनच्या मध्याच्या आसपास धरतो, पण त्याआधी एखादं वावधान (वादळ) आणि अवकाळीचा एखादा सडाका येतोच. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत सात-साडेसात आठवडे मिळतात, आणि त्यात लग्नसराई. पेरणीची लगबग सुरू झाली की मजूर वावरात, मग मिस्त्री एकटा येऊन काय करणार? पुढे सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळी. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे बायामजूर कमी मिळतात हे खरं, पण मिस्त्री आणि गडीमाणूस मिळतो, विहिरींना पाणी असतं, ऊन बेताचं असतं. बाहेरच्या कामाला नोव्हेंबर ते जानेवारीसारखा काळ नाही.

आता मातीबद्दल. काम ठरवण्याआधी घराच्या एका कोपऱ्यापासून चार-पाच हात लांब, साधा दोन बाय दोनचा खड्डा खोदा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. कुठे तीन फुटांवर लागतो, कुठे आठ फुटांपर्यंत नुसती चिकट काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या घराच्या कडेनंही पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट पायाशी उतरतं. मग पायाची एक बाजू ओली आणि फुगलेली, दुसरी कोरडी आणि आकसलेली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या तडा जातात त्या बहुतेक यातून. मिस्त्रीला सिमेंटच्या नावानं बोलून उपयोग नसतो.

म्हणून क्रम वरून खाली, आणि पाणी पडतं तिथून पाणी जातं तिथपर्यंत.

पहिलं टिन आणि स्लॅब. सपरीच्या टिनावर दगड ठेवलेले असतील तर उतरवा. वावधानात ते दगडच माणसावर येतात. टिन लाटेच्या खोलगट भागात नाही, उंचवट्यावर रबरी वायसर घालून स्क्रूनं आवळलेलं हवं. कडेच्या ओळीत स्क्रू दाट हवेत, कारण वारा कडेनंच शिरतो. खालचा अँगल किंवा पाइप भिंतीत नीट अडकवलेला आहे का तेही बघा. मातीच्या भिंतीवर नुसता ठेवलेला असेल तर अख्खं छप्पर सांगाड्यासकट उचललं जातं. टिनाचा पुढचा भाग भिंतीच्या बाहेर निदान दीड-दोन फूट आला पाहिजे. मातीच्या भिंतीचा खरा बचाव तोच.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करत असाल तर १०० फुटाला एक फूट, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंचाच्या आसपास उतार पुरतो. पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाई द्या. काम झालं की पाइपांची तोंडं बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खाली खोलीत छत बघा. ही परीक्षा आतल्या रंगाआधी व्हायला पाहिजे होती. आतला रंग झालेला असला तरी करा. डाग पडायचा असेल तर ठेकेदार समोर असताना पडू द्या. ५०० चौरस फुटाच्या स्लॅबला चार इंची एक पाइप चालतो, पण मी दोन देतो. पळसाची-कडुनिंबाची पानं एका पाइपाचं तोंड कधी बुजवतील सांगता येत नाही. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार हवा, म्हणजे पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळत नाही. छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच. ही खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटानं भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वर कायमचा काळा पट्टा दिसतो. छपाई ओली असताना ती पाच मिनिटांत निघते, नंतर छिन्नीनं काढताना अर्धा छज्जा फुटतो.

छपाईच्या आधी भिंतीत जे जायचं ते सारं जाऊ द्या: नळाचे पाइप, बाहेरच्या दिव्याचा आणि मोटारीचा पॉइंट, अर्थिंगची तार, खिडक्यांच्या जाळ्या. आणि कूलर. याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हे कोणाच्याच नकाशात नसतं आणि आपल्याकडे प्रत्येक घराला असतं. कूलरचा अँगल छपाईनंतर भिंत फोडून बसवला की त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत येतं. दुसरं त्याहून वाईट. मार्च ते जून कूलर चालतो, टाकी भरताना ओसंडते, ताट्यांमधून गळतं, आणि ते पाणी रोज भिंतीच्या बुडाशी एकाच जागी जिरतं. सारा परिसर सुकून भेगाळलेला आणि पायाचा तेवढाच तुकडा चार महिने ओला. काळ्या मातीला याहून वाईट वागणूक देता येत नाही. बैठकीच्या खोलीला कूलरच्या खिडकीखालीच तडा का गेली म्हणून लोक विचारतात, त्याचं उत्तर बहुधा हेच. अँगल छपाईआधी गजासकट सिमेंटमध्ये बसवून घ्या, आणि कूलरखाली पत्र्याचा उथळ ट्रे लावून त्याचा अर्धा इंची पाइप नालीपर्यंत न्या. पाण्याचा आणि विजेचा पॉइंट तिथेच काढून ठेवा.

छपाई. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरची छपाई करायची नाही असं पुस्तकी उत्तर आहे. पण नव्या खोलीच्या उघड्या विटा पावसात सोडल्या तर झडीत भिंत आतपर्यंत ओली होते आणि आतली पुट्टी सुटते. म्हणून निवड करा. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून. त्या दोन बाजू आत्ता घ्या. उत्तर आणि पूर्व, पैसा-पाणी पुरत असेल तर. नाही तर दिवाळीनंतर. गावाला मेमध्ये टँकर लागत असेल तर एप्रिल संपायच्या आत छपाई उरकली पाहिजे. पाण्याविना केलेल्या छपाईवर हात फिरवला की रेती हातात येते.

रेती आली की ट्रॅक्टर खाली करण्याआधी पारदर्शक बाटलीत ती निम्म्याला थोडी कमी भरा, मिठाचं पाणी घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसतो. दहा सेंटिमीटर रेतीवर आठ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ असेल तर छपाईला ती रेती घेऊ नका, किंवा धुऊन घ्या. ट्रॅक्टरवाला तीन तास थांबणार नाही हे मलाही माहीत आहे, म्हणून नमुना आदल्या दिवशी घाटावरून आणवा. वाहतुकीचा पास मागा. पावसाळ्यात घाट बंद असतात आणि तेव्हा मिळणारी रेती महागही असते, चोरीचीही असते. दिवाळीनंतरच्या कामाची रेती आत्ताच घेऊन ताडपत्रीखाली ठेवली तर परवडतं. चुरी चालते का असंही लोक विचारतात. गिट्टी खदानीची साधी चुरी छपाईला नको, तिच्यात धूळ फार. धुतलेली, छपाईसाठी म्हणून बनवलेली कृत्रिम रेती मिळाली तर चालते.

प्रमाण १:४, म्हणजे एका पोत्याला चार फर्मे. फर्मा म्हणजे ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ४० उंच अशी पेटी. तिच्यात ३५ लिटर माल बसतो, एक पोतं सिमेंट साधारण तेवढंच. सुतार तासाभरात ठोकून देतो. घमेल्यानं मोजलं की सकाळचं घमेलं सपाट आणि दुपारचं शिगोशीग. कोणी जास्त मजबूत म्हणून १:३ सुचवेल, ते आपल्या उन्हात करू नका. सिमेंट जास्त असलेली छपाई जास्त आकसते आणि जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. दोन थर: पहिला अर्धा इंच, त्यावर करणीनं रेघा मारून खरबरीत ठेवायचा, दुसरा पाव इंच, स्पंज फिरवून. पाणी घातल्यावर माल अर्ध्या-पाऊण तासात संपला पाहिजे. वाळत आलेल्या मालात पुन्हा पाणी मारून कालवणारा मजूर दिसला की तो माल तिथेच फेकायला लावा, भांडण झालं तरी चालेल.

विटा आदल्या संध्याकाळी भरपूर ओल्या करा, सकाळी पुन्हा. काम सकाळी सहा ते दहा, मग चारनंतर. पूर्वेची भिंत दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी, म्हणजे मिस्त्री कायम सावलीत आणि भिंतही. नवी खोली राखेच्या विटांची असेल, कोराडी-चंद्रपूरकडून येतात तशा, तर तिचं अंग गुळगुळीत असतं. आधी सिमेंट-रेतीचं पातळ पाणी झाडूनं शिंपडून खरबरीतपणा आणा, दुसऱ्या दिवशी छपाई. जिथे कॉलम आणि वीट भेटते तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच कोंबडी जाळी खिळ्यांनी ठोकून घ्या. जुनी खोली आणि यंदाची खोली जिथे भेटते तिथे मात्र जाळी मारून सांधा लपवायचा नाही. नवा पाया अजून बसतो आहे. तिथे वरपासून खालपर्यंत सरळ खाच ठेवा आणि ती नंतर मऊ राहणाऱ्या सीलंटनं भरा. तडा तिथे जाणारच आहे, तर निदान सरळ रेषेत जाईल.

परांचीच्या बांबूंची भोकं हा आणखी एक दुर्लक्षित मामला. परांची सोडताना मिस्त्री घाईत असतो, भोकात मालाचा एक गोळा कोंबतो आणि वरून स्पंज फिरवतो. आत पोकळी राहते. पावसाळ्यात घरात ओळीनं, सारख्या उंचीवर ओले गोल डाग दिसले की समजा ती परांचीची भोकं. त्यात विटेचा तुकडा मालात बुडवून ठोकून बसवायचा, वर दोन थरांत छपाई. परांची सुटते त्या दिवशी तुम्ही घरी राहा.

पाणी दहा दिवस मारायचं. सिमेंट आपल्याकडे बहुधा पीपीसी (राख मिसळलेलं), त्याला सात दिवस कमी पडतात, त्यात ४४-४५ अंशांचं ऊन. बारदान ओलं करून वरून सोडा, म्हणजे दर तासाला पाइप धरून उभं राहावं लागत नाही. तुमच्या भागात नाही, पण अकोला-दर्यापूरकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी मालाला आणि भिंतीला मारलं की भिंतीवर लोणा (पांढरा क्षार) फुलतो आणि सळई गंजते. तिकडचं कोणी वाचत असेल तर पाणी गोड विहिरीचं किंवा नळाचंच वापरा.

मातीच्या भिंतींचं सांगतो, कारण ठेकेदाराच्या भावपत्रकात त्याही सिमेंटच्या छपाईत धरलेल्या असणार. मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. पांढरीच्या मातीची दोन फुटी भिंत जमिनीतली ओल थोडीथोडी वर ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आत साठते, भिंतीचं बूड मऊ होतं, आणि छपाई तीन-चार वर्षांत पापडासारखी सुटून येते, सोबत माती घेऊन. मातीला मातीच धरते. सैल झालेली जुनी सारवणं खरवडून काढा. माती, बारीक कुटार (भुसा) आणि शेण कालवून आठवडाभर भिजत, कुजत ठेवा, रोज तुडवा. धानपट्ट्यातले लोक कुटाराऐवजी तणीस (भाताचा पेंढा) घालतात. भिंत ओली करून छाबायची, वाळताना भेगा पडल्या तर त्या भरून दुसरा पातळ हात. हे काम मिस्त्रीला सांगू नका. गावातल्या साठीच्या बायांना विचारा, त्यांच्या हाताला जे वळण आहे ते करणीला येत नाही. वरून कळीचा चुना: रात्रभर विरवलेला, फडक्यानं गाळलेला, थोडा डिंक घातलेला, पातळ तीन हात. दरवर्षी दिवाळीला एक हात मारत गेलात की भिंत तुमच्या नातवापर्यंत टिकते. मातीच्या भिंतीच्या बाहेरच्या बुडाला पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून अंगणाची पातळी भिंतीच्या पायथ्यापेक्षा खाली ठेवा. पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं भर टाकून अंगणच वर आलेलं असतं. ते आधी उतरवा. मातीची आणि विटेची भिंत जिथे मिळते तिथेही वर सांगितली तशीच मोकळी खाच.

आता घराभोवतीचा पट्टा. मृगाआधी एकच काम करायला पैसा असेल तर मी छपाई सोडून हे करीन. भिंतीला लागून तीन फूट रुंदीत दीड फूट काळी माती काढा आणि तिथे मुरूम भरा. एकदम भरायचा नाही; सहा इंचांचा थर, पाणी, धुमस (चोपणी), मग पुढचा थर. वरच्या थराला तीन फुटांत दीड इंच बाहेरच्या बाजूला उतार. यंदा इथेच थांबा. नव्या खोलीच्या पायाभोवतीची भर अजून बसायची आहे, तिच्यावर आत्ताच काँक्रीट टाकलं तर पावसाळ्यात खालून माती खचते आणि वरचा पट्टा उलटा घराकडे कलतो. मग सारं पाणी पायात. पावसाळ्यात मुरूम जिथे बसेल तिथे टोपलंभर टाकून चोपत राहा, आणि दिवाळीनंतर त्यावर तीन इंच काँक्रीट घाला. भिंत आणि काँक्रीट यांच्यात अर्धा इंच फट ठेवून ती डांबर आणि रेतीनं भरा, आणि दर सहा-सात फुटांवर आडवा सांधा द्या. फक्त टिनाची वळचण जिथे सांडते तिथे थांबून चालणार नाही. तिथे एक तर पन्हळ लावा, नाही तर तेवढ्या पट्ट्यात आत्ताच फरशा मांडून घ्या, सिमेंटनं न चिकटवता, म्हणजे नंतर उचलता येतील.

पट्ट्याच्या बाहेर नाली, आणि नाली रस्त्याच्या नालीपर्यंत. स्लॅबचे पाइप अर्ध्यावर सोडू नका, नालीत उतरवा. न्हाणीचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडणार असाल तर तो नुसत्या काळ्या मातीत खणू नका. ओली झालेली काळी माती पाणी पीत नाही, खड्डा पंधरवड्यात भरून वाहायला लागतो. मुरुमापर्यंत खणा, दगड-गिट्टी भरा, आधी एक छोटं गाळाचं टाकं द्या. घरापासून २० फूट लांब ठेवा. संडासाच्या टाक्याचं पाणी जिरवायचा खड्डा विहिरीपासून ६० फुटांच्या आत अजिबात नको.

इथपर्यंत यंदाचं काम. पुढचं दिवाळीनंतर, आणि त्यातल्या दोन गोष्टी ठेकेदाराला पटवून द्याव्या लागतील, म्हणून कारणासकट देतो.

अंगण आणि कंपाउंड मेमध्ये का नको? मेमध्ये काळी माती जास्तीत जास्त सुकलेली, आकसलेली असते. त्या भेगांवर गट्टू बसवले की पावसात खालची माती फुगते आणि अंगणाला पोट येतं. ऑगस्टमध्ये उलट, ती पूर्ण फुगलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओल मधल्या पातळीवर असते, धुमसही तेव्हाच नीट बसते, कारण बिनओलीच्या मुरुमाला कितीही चोपा, तो दबत नाही.

सारं अंगण गट्टूनं झाकू नका. ट्रॅक्टर-ट्रॉली येते तेवढ्या पट्ट्याला ८० मिलिमीटरचे, माणसं आणि गाड्या फिरतात तिथे ६० मिलिमीटरचे. खाली आठ इंच चोपलेला मुरूम, त्यावर दीड इंच रेती, आणि चारही कडांना काँक्रीटची पट्टी. कड मोकळी राहिली की गट्टू ट्रॉलीच्या चाकाखाली बाहेर सरकत जातात. तूर, हरभरा, गहू जिथे वाळू घालता तिथे गट्टू अजिबात नकोत. दाणे सांध्यांत अडकतात, झाडूनं निघत नाहीत, पहिल्या पावसात तिथे तुरीचं रान उगवतं. तिथे चार इंची काँक्रीटचं खळं करा, दर दहा फुटांवर सांधा, ७०-८० फुटाला एक फूट उतार. बाकी अंगण मुरमाचं राहू द्या. सडा-सारवण करायला घरात कोणी असेल तर ते मेमध्ये गट्टूपेक्षा गारही राहतं.

कंपाउंडचा पाया खणण्याआधी हद्द नक्की करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) आणि, तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर, स्वामित्व योजनेची सनद (घरजागेच्या मालकीचा कागद) काढा. ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, गावठाणातल्या घरांची ड्रोन मोजणी तिच्यातली. दोन्ही शेजाऱ्यांना उभं करून चुना टाका. पाया मुरुमापर्यंत. दर आठ-दहा फुटांवर कॉलम, वर बीम, आणि बीमच्या पोटाखाली दोन-तीन इंच मोकळी जागा, म्हणजे फुगणारी माती बीमला खालून ढकलत नाही. भिंतीत दर ३०-४० फुटांवर पूर्ण तुटलेला सांधा, आणि बुडाशी पाणी जायला भोकं. खणलेली चर उघडी ठेवून मिस्त्री आठ दिवस दुसऱ्या कामावर जाणार असेल तर खणूच देऊ नका. मुरूम खूप खोल लागत असेल तर माझं मत साफ आहे: पुढची बाजू भिंतीची करा आणि उरलेल्या तीन बाजूंना लोखंडी खांबांवर साखळी जाळी घाला. काळ्या मातीत ती वाकली तरी सरळ करता येते.

रंग या साऱ्यांत सोपा. छपाईनंतर निदान महिना जाऊ द्या. तुमच्या बाबतीत अख्खा पावसाळा जाईल, उत्तमच. रंगाआधी दोन फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपनं भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दवबिंदू दिसले तर थांबा. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुतलं की तो परत आत जातो. बाहेर पुट्टी नको, रंगारी कितीही म्हणाला तरी. प्रायमर आणि बाहेरच्या इमल्शनचे दोन हात, पश्चिमेच्या भिंतीला फिकट रंग.

फाटक १२ फुटांचं ठेवा. ट्रॉली दहातूनही जाते, पण अरुंद गल्लीत वळून शिरताना दोन फूट जास्त लागतातच. सरकतं फाटक घेऊ नका, काळ्या मातीत रूळ वाकतो. फाटकाखालून, गट्टू घालण्याआधी, चार इंची रिकामा पाइप आडवा टाकून ठेवा. उद्या पाण्याची लाइन किंवा वायर न्यायची झाली तर अंगण फोडावं लागत नाही.

ठेकेदाराशी बोलताना दोन भाग वेगळे लिहून घ्या. छपाईचं माप खिडक्या-दारं वजा करून की धरून, ते आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात. पहिल्या भागाच्या मजुरीतले दहा टक्के पोळ्यापर्यंत हातचे ठेवा. तोवर दोन-तीन झडी होऊन गेलेल्या असतात आणि गळती कुठे आहे ते भिंतच सांगते. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

खड्डा खोदल्यावर मुरूम किती फुटांवर लागला, आणि विटांच्या जुन्या खोलीचा पाया किती खोल आहे, एवढं कळवा. कंपाउंडच्या कॉलमची खोली आणि सळई मग नेमकी सांगतो.